मनकर्णाबाई कॉलेज बघून येतात

राणीसावरगावात मनकर्णाबाईंचं घर विचारायची गरज पडत नाही. चौकात थोडा वेळ उभं राहिलं की कुठून तरी हसण्याचा आवाज येतोच. त्या आवाजाच्या दिशेनं चालत जायचं.

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. हसू त्यांना आवरतच नाही. त्यांच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना भटजींना एक सणसणीत शिंक आली. सगळा मांडव गप्प, आणि नवरी जी हसायला लागली ती शेवटच्या अक्षता पडेपर्यंत थांबली नाही. सासूबाईंनी पुढं कितीतरी दिवस तो राग धरला होता. एकदा आम्ही मयतीच्या घरी बसायला गेलो होतो. तिथं कोपऱ्यातल्या शेळीनं एका पाहुण्याचं धोतर चघळायला घेतलं. जाऊबाईंनी तोंडात पदर कोंबला, पण खांदे गदगदा हलायचे काही थांबेनात. शेजारच्या बायांना वाटलं, बाई लय रडायली. त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मग तर विचारूच नका.

पण हसरी बाई म्हणजे भोळी बाई, असं समजून कुणी व्यवहाराला आलं तर तो फसला. व्यापाऱ्याकडं कापूस घालायला भारतदादा, म्हणजे माझे थोरले दीर, एकटे कधीच जात नाहीत. पूर्वी दोघं जोडीनं ऊसतोडीला जायचे, विहिरीला पाणी लागल्यापासून ते थांबलं. तेव्हाही आणि आताही, दादांचा पहिला प्रश्न एकच असतो, "तुझं काय म्हणणं हाय?"

त्यांची लेक पंकजा मात्र पहिल्यापासून अबोल. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक उत्तर मिळायचं. शाळेतून आली की ओढ्यावर जायची आणि काळ्या मातीचा गोळा घेऊन बसायची. पोळ्याच्या आधी मातीचे बैल आमच्याकडे सगळीच लेकरं करतात. पण पंकजानं केलेला बैल कुणाचा आहे ते ओळखू यायचं. शिंगाची ठेवण, वशिंड, मान खाली घालून उभं राहायची ढब. माणसं येऊन बघायची आणि म्हणायची, "ह्यो तर आपला हरण्या." पुढं ती माणसं करायला लागली. माझ्या अंगणवाडीच्या खिडकीत तिनं केलेल्या कोंबड्या आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया ओळीनं ठेवलेल्या आहेत. बघेल तो म्हणतो, छान. पंकजा त्यावर मान हलवायची आणि आत निघून जायची. मला वाटायचं, पोरगी लाजाळू आहे.

बारावीच्या वर्षी तिच्या चित्रकलेच्या सरांनी डोक्यात घातलं की कलेच्या कॉलेजला जा. पंकजानं घरी सांगितलं, तेव्हा मीही तिथं बसले होते.

"माती करायला शिकवतेत का कॉलेजात?" जाऊबाई म्हणाल्या. "माती तर हितं मायंदळ हाय की गं." आणि हसत सुटल्या.

त्यांच्या मनात नर्सिंग होतं. त्यांच्या भाचीनं नर्सिंग केलं, परभणीत दवाखान्यात लागली, स्कूटीवरून फिरते. त्याला नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. पंकजा वादाला उभी राहिली नाही. नुसती गप्प बसली, आणि तिचं गप्प बसणं जाऊबाईंना वादापेक्षा जड जातं.

"बरं, आपण बघून येऊ," त्या म्हणाल्या. "गाय घ्यायची म्हटलं तरी गोठ्यात जाऊन बघतो. ही तर लेक हाय."

हरभरा काढणीला आला होता म्हणून भारतदादा शेतातल्या आखाड्यावर थांबले. माझा भाऊ पंडित संभाजीनगरला असतो, वाळूजच्या कंपनीत आहे, त्यामुळे सोबतीला मी. पंकजानं दोन-तीन छोट्या मूर्ती जुन्या साडीत गुंडाळून घेतल्या. परभणीहून गाडीत बसलो तेव्हापासून जाऊबाई खिडकीला नाक लावून होत्या.

पंडितनं आधीच एक डिझाइनचं कॉलेज हेरून ठेवलं होतं. शहराबाहेर, सगळी काचेची इमारत. काउंटरवरच्या मॅडम फार गोड बोलल्या, पाणी दिलं, गुळगुळीत कागदाचं माहितीपुस्तक दिलं. पंकजाच्या मूर्ती हातात घेऊन म्हणाल्या, "वा, फारच छान! हिच्यात टॅलेंट आहे. तुम्ही म्हणत असाल तर आजच सीट ठेवते."

"लेकरं शिकतेत ती जागा बघता येईल का?" जाऊबाईंनी विचारलं.

क्लास चालू असल्यामुळं ते जमणार नव्हतं, पण त्यांनी मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवला. पोरं-पोरी कॉम्प्युटरवर काम करतायत, कपड्यांचे नमुने, खुर्च्यांचे नमुने, टाळ्या. खोटं कशाला बोलू, मला आवडलं होतं. बाहेर आल्यावर पंडितनं पंकजाला विचारलं, "काय, कसं वाटलं?"

"छान आहे," पंकजा म्हणाली आणि रिक्षात बसली.

दुसरं कॉलेज सरांनी सांगितलेलं, जुन्या शहरात. दगडी बांधकाम, अंगणात कडुनिंब, त्याच्या सावलीत नाक तुटलेले दोन-तीन पुतळे भिंतीला टेकवलेले. फाटकावर कुणी अडवलं नाही. ओल्या मातीचा वास येत होता, त्या वासाच्या मागं आम्ही एका मोठ्या खोलीच्या दाराशी आलो. आत दहा-बाराजण उंच स्टुलांपुढं उभे होते. प्रत्येकाच्या स्टुलावर मातीचा गोळा. मातीनं भरलेला एप्रन घातलेले एक सर बाहेर आले. त्यांचं नाव परमेश्वर.

मी सांगितलं, आम्ही परभणीकडून आलोय, लेकीला घालावं का नाही ते बघायला.

"मग बाहेरून काय दिसणार? आत या," ते म्हणाले. "चपला राहू द्या, इथं सगळीकडं मातीच आहे."

त्यांची एक अडचण झालेली होती. ज्या आजोबांना समोर बसवून मुलं चेहरा करायची, ते त्या दिवशी आलेच नव्हते. सरांनी आमच्याकडे बघितलं आणि जाऊबाईंना विचारलं, "ताई, तुम्ही बसाल का थोडा वेळ?"

"मी? माझं थोबाड बघून काय शिकतेत लेकरं?"

"फक्त बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही."

मी मनात म्हटलं, झालं आता.

लाकडी चौथऱ्यावर खुर्ची ठेवली होती. जाऊबाई पदर नीट करून बसल्या. सगळा वर्ग त्यांच्याकडे टक लावून बघायला लागला. सरांनी पंकजालाही एक स्टूल आणि मातीचा गोळा दिला. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग एकजण माप घ्यायला पुढं आला आणि एक डोळा मिटून त्यानं लाकडी काटा जाऊबाईंच्या नाकासमोर धरला. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. आणि मग ते हसू फुटलं, थेट राणीसावरगावचं. काटा धरलेला हसला, मागचे हसले, सर भिंतीला टेकून डोळे पुसायला लागले.

"बरं," सर म्हणाले, "आज हसराच चेहरा करा. असा चेहरा रोज मिळत नाही. हसा ताई."

आणि गंमत बघा, हसा म्हटल्यावर बाईंना हसूच येईना. आधार कार्डाला बसावं तशा ताठ बसल्या. मुलं म्हणायला लागली, हसा ना मावशी. त्या म्हणाल्या, "असं सांगून येतंय का?" तेवढ्यात सेलूची अर्पिता नावाची मुलगी होती, तिच्या पुतळ्याचं नाक गळून खाली पडलं, टप्पकन. पुन्हा सुरू.

तास असाच पुढं गेला. सर एकेकाजवळ जाऊन सांगत होते, ह्याची मान जाड झाली, हिचे कान वर गेले. पंकजाजवळ आले, थांबले, वाकून बघितलं.

"आईला रडवलंस का गं?"

मी उठून बघितलं. तोंड मोठं उघडलेलं, ओठ ताणलेले, ओळखू येत होत्या जाऊबाईच, पण खरोखर रडणाऱ्या. पंकजाचा चेहरा लाल झाला. आजवर या पोरीला मातीच्या बाबतीत कुणी वावगा शब्द बोललेलं नव्हतं.

"ओठांकडं बघू नको," सर म्हणाले. "डोळ्याखाली बघ. तुझ्याच गालावर हात ठेव आणि हस."

पंकजानं मातीनं भरलेला हात गालावर ठेवला आणि कसंनुसं हसली.

"काय झालं?"

"गाल वर गेला."

"आणि त्यानं खालच्या पापणीला वर ढकललं. तू गाल जागेवरच ठेवलास आणि तोंड तेवढं ओढलंस. म्हणून रडू आलं."

पंकजा उठली आणि आईच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आई, हस."

"अगं, आता कशी हसू?"

"हस की."

लेकीच्या गालावरचा मातीचा पंजा बघून जाऊबाईंना आलंच. पंकजा वाकून बघत राहिली. मग परत आली, दोन्ही गाल तारेनं कापून काढले आणि नव्यानं माती लावायला घेतली. तास संपल्याची घंटा झाली, मुलं हात धुवायला गेली. ही जागची हलेना. सर पुन्हा आले.

"अजून नाही जमलं," ते म्हणाले, "पण चुकायचं ठिकाण बदललं. हे चांगलं झालं."

जाऊबाई चौथऱ्यावरून उतरल्या आणि त्यांनी सरांना गाठलं. हसणं बाजूला ठेवून विचारलं, "सर, याच्यावर पोट भरतंय का? खरं सांगा."

"भरतं, पण लगेच भरत नाही," सर म्हणाले. "कुणी मूर्ती करतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी सिनेमाच्या सेटवर जातं. पहिली वर्षं ओढाताणीची असतात. इथं पहिल्या वर्षी चित्र, माती, अक्षरं, सगळंच करावं लागतं. काय जमतं आणि काय नाही, ते तिचं तिलाच कळेल."

"आन् जागा? आत्ता देता का?"

"मी कोण देणारा? प्रवेश परीक्षा आहे. ती देऊ दे."

समोरच्या टपरीवर आम्ही चहा-भजी घेतली. मी पंकजाची समजूत घालायच्या तयारीत होते. पण पोरगी भज्यांवर तुटून पडली आणि बोलायला लागली.

"काकू, गावात सगळे छान म्हणतेत. मला कळायचं, कुठंतरी चुकलंय. पण कुठं, ते कुणालाच सांगता येईना. मग मी ती मूर्ती आत नेऊन मोडायची."

"मोडायचीस?" मी विचारलं.

"लय मोडल्यात. आज पहिल्यांदा कळलं काय चुकतं."

परतीच्या गाडीत जालन्यापासून ती बोलत होती. गालाचं हाड, पापणी, बैलाच्या जबड्यात काय चुकत असेल, अर्पितानं हॉस्टेलबद्दल काय सांगितलं. सेलू गेलं तरी चालूच. समोरच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "पोरगी लय बोलकी हाय तुमची." जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि पुढं काय झालं ते सांगायला नको.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "मग बाई, काय ठरलं?"

"काय ठरवायचं राहिलंय?" त्या म्हणाल्या. "पोरगी दोन्हीकडं हीच होती. तितं छान म्हणले तर गप बसली. हितं चुकलं म्हणले तर कवाची बोलायलीय बघ."

घरी आल्यावर दादांनी नर्सिंगचं विचारलं. "ते ऱ्हाऊ द्या," एवढंच उत्तर मिळालं. पंकजानं परीक्षेसाठी घरातला एकेक माणूस समोर बसवला. दादांना झोप लागायची, त्यामुळं दादांची सगळी चित्रं झोपलेली आहेत. निकाल लागला, यादीत नाव आलं, आणि जाऊबाईंनी गल्लीभर गुळाच्या पोळ्या वाटल्या.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, शिल्पाच्या शाखेत. पहिल्या वर्षी अक्षरांच्या विषयात तिची दमछाक झाली. एकदा रडत फोनही केला होता. पण परत यायचं नाव काढलं नाही. दिवाळीला आली तेव्हा हात उललेले, केस कापलेले, आणि जेवताना दादांशी वाद घालत होती. "हिला एवढं बोलता येत होतं व्हय?" दादा म्हणाले.

गावात मात्र वेगळंच सुरू झालंय. कुणाच्या लेकराला कुठं घालायचं असलं की लोक जाऊबाईंना सोबत मागतात. मागच्या उन्हाळ्यात गावातला योगीराज त्याच्या लेकीला, मंजुषाला, कपड्यांचं डिझाइन शिकवायचं म्हणून नांदेडला घेऊन गेला, तेव्हा ह्याही गेल्या. तिथल्या बाईंपुढं मंजुषानं शिवलेला ब्लाउज ठेवला आणि म्हणाल्या, "हिचं काय चुकतंय तेवढं सांगा." त्या बाईंनी चष्मा लावला, बाही उलटी केली आणि अर्धा तास सांगत बसल्या. मंजुषाला तिथंच घातलं. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र जाऊबाई पाणीही न पिता उठून आल्या. का, तर बोलणारा माणूस सगळा वेळ बापाशीच बोलला, पोरीकडं त्यानं बघितलंच नाही.

या आठवड्यात गल्लीतल्या सुमनबाईंच्या नातीसाठी लातूरला जायचं आहे. तिला फोटोग्राफी शिकायची आहे. काल जाऊबाई अंगणवाडीत येऊन मला म्हणाल्या, "राजेश्री, तूबी चल. त्या फोटोच्या कॉलेजात मला समोर बसवलं तर कुणीतरी सोबत पायजे." मी आमच्या मॅडमकडं रजेचा अर्ज देऊन टाकला आहे.