मोटारीशी बोलणारे मामा

बाविसाव्या वर्षी माझी कादंबरी छापून आली आणि तिच्यात मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मामांचं हसं केलं. चूक माझीच. विहिरीवरच्या मोटारीच्या पाठीवर हात ठेवून ते लेकीशी बोलावं तसं बोलायचे, "रुसू नको बाय, ऊस वाळतोय." पुस्तक निघालं तेव्हा वडगावात पेढे त्यांनीच वाटले होते. मग पुस्तक वाचलेली माणसं पारावर विचारू लागली, "मामा, मोटार आज काय म्हंती?" तेव्हापासून मामा मोटारीशी बोलायचे थांबले.

आता माझे केस पिकलेत. परवा मामा माझ्या विहिरीवरची मोटार दुरुस्त करत होते. हात तसाच तिच्या पाठीवर, तोंड मात्र मिटलेलं. मोटार सुरू होऊन पाणी आलं, तेव्हा मी म्हणालो, "मामा, तुमचं बोलणं मी विकून खाल्लं. चुकलो. माफ करा."