खोडलेली उपमा

सोमवार, शेवटचा तास. हजर: दहावीच्या नऊ मुली आणि मी, त्यांची मराठीची बाई. अलंकारांच्या यादीतली उपमा चालू होती. सायलीने वहीत उदाहरण लिहिलं, 'लग्न ठरल्यापासून ताई घरात पाहुणीसारखी विचारून पाणी पिते,' आणि लगेच खोडलं.

"अगं, का खोडलंस?"

"बाई, तुम्हीच सांगितलंत, पुस्तकातलंच लिहा, मार्क जात नाहीत."

"आणि ताईने वाचलं तर हिचं काही खरं नाही!" मागून रुबिना हसली.

नियम माझाच. मुलींचे मार्क वाचावेत म्हणून केलेला. पण पेपर तपासताना माझंही बोट नमुना उत्तरावरून हलत नाही. त्यांच्याबरोबर मीही त्यातच अडकले आहे.

आठ वह्या तपासून झाल्या. सायलीच्या खोडलेल्या ओळीपुढे शेरा लिहायचा अजून राहिला आहे.