मायक्रोस्कोप मी पाडला होता

नाशिकहून वाराणसीला निघाले तेव्हा नवरा म्हणाला, "देणगी इथूनच पाठव. एवढ्या लांब कशाला?" माझ्या जुन्या विद्यापीठात दुपारी चारला सत्कार होता. वनस्पतिशास्त्राच्या नव्या प्रयोगशाळेला मी देणगी दिली होती.

सकाळी आधी संकठा घाटाजवळ वैद्य सरांच्या घराकडे निघाले. गल्लीत सांडाने (मोकाट बैलाने) वाट अडवली, म्हणून दुसऱ्या बोळात शिरले आणि चुकले. एका ठेल्यावर मलइयो (दुधाचा गोड फेस) घेतलं, पण अर्धंच खाऊन पुढे निघाले.

वैद्य सर आमचे शिक्षक, काशीतल्याच मराठी घराण्यातले. तीस वर्षांपूर्वी मी न विचारता कपाट उघडलं, विभागाचा नवा मायक्रोस्कोप पाडला आणि पळाले. चौकशीत सर म्हणाले, "माझ्याच हातून पडला." त्यांची बढती कायमची अडली. मी गप्प राहून पदवी घेतली.

सरांनी दार उघडलं. बसायच्या आधीच मी बोलून टाकलं.

"माहीत होतं," सर म्हणाले. "तुझी वही तिथेच राहिली होती."

"मग अंगावर का घेतलंत?"

"तुझं आखरी साल होतं. काढून टाकलं असतं तुला."

चहा घेऊन आलेल्या काकू, सरांच्या पत्नी, दारातच थबकल्या. "हिनं पाडला? आणि इतकी सालं तुम्ही मलापण नाही सांगितलं?" कप खाली ठेवून त्या आत गेल्या.

सर दाराकडे बघत म्हणाले, "देणगी दिलीस, ठीक आहे. पण आज तिथे उभी राहून बोल. माझ्यासाठी नाही, तुझ्या काकूंसाठी."

चार वाजता सभागृह भरलं. विभागप्रमुख माझ्या कृतज्ञतेबद्दल बोलत होते. शेवटच्या रांगेत सर आणि काकू येऊन बसले. मी माईक धरला आणि सगळं सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही.

बाहेर काकू माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "फार देर केलीस," एवढंच म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही.

परतीच्या गाडीत विचार करत होते. कुणी नावासाठी देतं, कुणी मायेपोटी. मी भीतीपोटी दिलं होतं. वाटलं होतं, देणगी दिली की त्या मायक्रोस्कोपबद्दल कुणी काही विचारणार नाही. आता ती भीती गेली आहे. काकूंचा राग मात्र राहिला, आणि तो त्यांचा हक्काचा आहे.