साडभाऊंनी हॉकी बदलली

आमच्या साडभाऊंइतका हट्टी माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर त्यालाही हॉकी यांनीच शिकवली असणार. जवाहरनगरच्या कारखान्यातली पाळी संपली की यांची स्कूटर थेट अड्याळला, पोरींना खेळवायला. गळ्यात शिट्टी कायम. सासुरवाडीच्या एका लग्नात वाढपी भलत्या बाजूनं आला म्हणून यांनी पंगतीतच शिट्टी फुंकली, आणि तो बिचारा भाताचं पातेलं घेऊन जागीच थिजला.

चेंडू काठीला चिकटून राहिला पाहिजे, एवढीच त्यांची जुनी हॉकी. आमच्या घरी आले की माझी छत्री उलटी धरून पाटांमधून बटाटा पळवून दाखवायचे. एखादीनं पास दिला की ओरडायचे, "काहून सोडला वो बॉल?" शेजारच्या कोंढा गावाहून येणाऱ्या एका पोरीनं एकटीनं सगळ्यांना चकवून गोल करायचा, बाकीच्यांनी मागं पळायचं, हा डाव. धानाच्या बांधीलगतच्या खडबडीत मैदानावर तो चालायचा. गेल्या वर्षी नागपूरच्या गुळगुळीत टर्फवर मात्र समोरच्या पोरींनी तीन-तीन पासांत गोल केले आणि आमच्या पोरी चेंडू शोधत राहिल्या.

घरी येऊन साडभाऊंनी शिट्टी खुंटीला टांगली. मळणी उरकलेलं एक खळं मागून घेतलं, शेणानं सारवून गुळगुळीत केलं आणि पोरींना म्हणाले, "आता तुम्ही नोका पळू, बॉल पळवा." खळ्यावर पायताण घालून कोण चढतं? सगळा सराव अनवाणी झाला. यंदा नागपूरला पोरींनी सवयीनं टर्फच्या कडेला बूट ओळीनं काढून ठेवले, शेजारी साडभाऊंच्या चपला. पंचांनी सगळ्यांना बूट घालायला परत पाठवलं, तेव्हा मला हसू आवरेना.

त्या सामन्यातून क्रीडा वसतिगृहासाठी एकच मुलगी निवडणार होते. कोंढ्याच्या पोरीची वयामुळे ही शेवटची संधी, आणि साडभाऊंचा जीव तिच्यातच अडकलेला. सामना संपत आला तेव्हा चेंडू तिच्याकडे होता, समोर एकटी गोलकीपर. पूर्वी तिनं स्वतःच मारला असता. यंदा तिनं बाजूला मोकळ्या उभ्या अड्याळच्या एका पोरीला पास दिला. गोल झाला, आम्ही जिंकलो, आणि निवड अड्याळच्या पोरीची झाली.

परतीच्या बसमध्ये साडभाऊ हळूच मला म्हणाले, "पयलेसारखंच शिकवलो असतो, तं आज तिचं नाव लागलं असतं ना जी?" मला त्या हट्टी माणसाबद्दल फार माया वाटली. तेवढ्यात कोंढ्याची पोरगी पुढच्या सीटवरून वळली. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

"सर, पास बराबर गेला ना जी?"

"एकदम बराबर, बेटा," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. अड्याळ येईपर्यंत त्यांनी मान इकडं वळवली नाही.