चुरा न घेणाऱ्या मासोळ्या

आमची वांग्याची वाडी हिंगणघाटहून सायकलनं जाण्याइतकी दूर. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि फवारणीचं औषध आमच्याकडे नवंच होतं. वाडीतल्या विहिरीत सासऱ्यांनी नदीतून आणून सोडलेल्या मासोळ्या होत्या. सासूबाई रोज पाणी काढण्याआधी शिळ्या भाकरीचा चुरा टाकायच्या. मासोळ्यांनी खाल्लं की पाणी चांगलं, मगच ते प्यायचं, असा घरचा नेम होता.

मी मुळात घाबरट. "हिले दोरीतबी साप दिसते," असं सासूबाई चारचौघांत म्हणायच्या. पण भीतीपायी मी रोज वाकून बघायची, त्यामुळे मासोळ्यांचं खाणं मला पाठ झालं होतं. चंदेरी होत्या त्या झरकन वर येऊन कण उचलायच्या आणि लगेच बुडी मारायच्या. काळ्या, मिशाळ होत्या त्या तळाशी बसून बुडालेलं चाचपडत खायच्या. चुऱ्यासाठी त्या कधी वर येत नसत.

त्या सकाळी मी वाडीत पोचले तर सासूबाई खुशीत होत्या. "पाह्य वं, आज किती भुकेजल्या! साऱ्याच्या साऱ्या तोंडं वासून वर आल्या." मासोळ्या आपणहून वर आलेल्या पाहून त्यांनी चुरा न टाकताच बादली काढली होती. शेजारी माझी तीन वर्षांची लेक रिकामा पेला हातात धरून तोंड पुसत होती.

मी वाकून पाहिलं. मिशाळसुद्धा वर होत्या. घाईघाईनं चुरा टाकला. तोंडं उघडत होती, मिटत होती, पण चुरा त्यांच्या ओठांना लागून तसाच तरंगत राहिला. एकीनंही कण उचलला नाही.

"अवो, काल फवारणीचा पंप कुठी धुतला?" मी ह्यांना ओरडून विचारलं.

"इथंच, विहिरीपाशी. काऊन?"

काठाचे दगड त्या बाजूनं खचलेले होते. धुतलेलं सगळं पाणी आत झिरपलं असणार.

"पोरीनं पाणी पेलं नं!" मी म्हटलं. सासूबाईंनी तिच्या हातातला पेला हिसकावून घेतला.

ह्यांनी लेकीला सायकलच्या दांडीवर घेतलं, मी मागं बसले. वाटभर मी तिला बोलतं ठेवत होते आणि ह्यांना शिव्या देत होते. हिंगणघाटला डॉक्टरांनी बॅटरी लावून तिचे डोळे पाहिले, बराच वेळ बसवून ठेवलं, मग घरी न्या म्हणाले. लाळ गळू लागली किंवा पोर पेंगू लागली तर तसेच परत या. खाऊ लागली की भिऊ नका.

घरी येताना वाडीत पाहिलं, तर विहिरीत मासोळ्यांची पांढरी पोटं तरंगत होती. लेक दुपारभर काही खाईना. सासूबाईंनीही पाण्याचा थेंब घेतला नव्हता. चुलीपाशी बसून त्या नुसत्या पोरीच्या तोंडाकडे बघत होत्या.

दिवेलागणीला मी दुधात भाकर कुस्करली आणि घास तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड उघडलं. मी घास तसाच धरून ठेवला, कारण नुसतं उघडलेलं तोंड मी सकाळी पाहिलं होतं. तिनं घास घेतला, चावला, गिळला.

"अजून," ती म्हणाली.

"खाते वं, खाते," म्हणत सासूबाई पदरात तोंड घालून रडू लागल्या.