फळ्यावर रोज एक चूक

सकाळची घाई ऐन रंगात होती. नवरोबा तोंडाला साबण फासून आरशासमोर उभे, आणि गणिताच्या बाई केसांत पेन्सिल खोचून डबा भरत होत्या. तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, दणकाच!

दारात मुख्याध्यापक. चेहरा लालबुंद.

"बाई, आजपासून सातवी दुसऱ्या सरांकडे. मुद्दाम सांगायला आलो."

बाईंचा चमचा हवेतच राहिला. सातवी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रोज फळ्यावर मुद्दाम एक चूक पेरायची, आणि ज्याला ती सापडेल त्याने बाकावर चढून कोंबड्यासारखं आरवायचं, हा त्यांच्या तासाचा शिरस्ता. गणित म्हटलं की पोटात दुखणारी पोरंसुद्धा त्या आरवण्यापायी फळ्याला डोळे चिकटवून बसायची. फक्त हे वर्गापुरतंच, एवढं सांगायचं बाई विसरल्या होत्या. आणि काल, पाहुण्यांच्या देखत, मुख्याध्यापक सरांच्या भाषणात अख्खी सातवी आरवली.

"असं म्हणालो तरी काय मी?" सर कडाडले. "गेल्या वर्षी मुलं दहा टक्क्यांनी घटली, यंदा दहा टक्क्यांनी वाढली. म्हणजे फिट्टंफाट!"

"बरोबरच आहे की!" आतून साबणातला आवाज आला.

"तुम्ही दाढी करा हो! सर, बसा. शंभर मुलं धरा. दहा टक्के गेली. उरली किती?"

"नव्वद. एवढं येतं मला."

"आता त्या नव्वदाचे दहा टक्के?"

"दहा... थांबा. नऊ." सर बोटांवर मोजू लागले. "म्हणजे नव्व्याण्णव? अरेच्चा! एक पोरगं गेलं कुठे?"

"कुकूचकू!" अर्धी दाढी घेऊन नवरोबा थेट बाहेर.

सरांनी आधी डोळे वटारले, मग असे हसत सुटले की चष्माच काढून ठेवावा लागला.

"आणि पन्नास टक्के असते तर? उरली पन्नास, त्यांचे निम्मे पंचवीस... पंचाहत्तर! बाई, पाव शाळा हवेत विरली हो! भाषणाआधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही दाखवलंत कुठे?"

पुन्हा हशा. बाईही डोळे पुसत हसत होत्या, पण जीव टांगणीलाच होता. हशा जरा ओसरला तशा त्या सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एकच मागते. सातवी माझ्याकडेच राहू द्या."