हवालदाराची हजेरी

त्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटं झाली तरी भानुदास आमच्या कुंपणाशी आला नाही, आणि खरं सांगायचं तर मला रागच आला. आदल्या दिवशी मीच त्याला, उद्यापासून येऊ नकोस, असं म्हणालो होतो. तो हसून गेला होता, म्हणजे ऐकणार नाही अशी माझी खात्री होती. सव्वाआठला मी रस्त्यापर्यंत जाऊन आलो. साडेआठला बायको म्हणाली, फोन तरी लावा. नाही लावला. रुसला असेल तर रुसू दे, असं धरून बसलो… नऊला त्याच्या मुलाचा, सुनीलचा फोन आला. ओट्यावर बसून बूट घालता घालता भानुदास कलंडला होता. एका बुटाची नाडी बांधून झाली होती. सुनील म्हणतो, साडेसातलाच सगळं संपलं होतं, तुम्ही फोन लावला असता तरी काही झालं नसतं. मी मान हलवतो. पण आठ वाजायला आले की अजून माझी नजर कुंपणाकडे जाते.

भानुदास पोलिसात हवालदार होता आणि मी आमच्या तांड्यावरच्या शाळेत मास्तर. त्याचं गाव वारंगा फाट्याच्या अलीकडे, आमचा तांडा पलीकडे. फाट्यावरच्या चौकीत त्याची बदली झाली तेव्हा चहाच्या टपरीवर ओळख झाली आणि पुढची पंचवीस वर्षं ती टपरी आम्ही सोडली नाही. त्याचा आजा निजामाच्या पोलिसात जवान होता. आज्याचं उर्दू नियमांचं पुस्तक याच्या घरी खाकी फडक्यात बांधलेलं होतं. कळमनुरीच्या एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांकडून भानुदासनं ते हळूहळू वाचून घेतलं आणि मराठीत एका जाड वहीत उतरवलं. मग टपरीवर आम्हाला रोज एकेक नियम ऐकायला मिळायचा. बटणावर गंज दिसला तर जादा कवायत. घोड्याच्या आधी जवानानं जेवायचं नाही. ड्युटीवर कुणाच्या खाटेवर बसायचं नाही. हे शेवटचं तो स्वतः पाळायचा. आमच्याकडे वर्दीत आला की खाट सोडून दगडावर बसायचा आणि माझी बायको त्याला यथेच्छ चिडवायची. एक भाग मात्र त्यानं कधी वाचून दाखवला नाही, बक्षिसांचा. त्याच्या आज्याला सरकारातून जरीचा साफा मिळाला होता, एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. कशाबद्दल, असं विचारलं की तो म्हणायचा, ती पानं फाटलीत.

मला खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. उलट मीच त्याला माझ्या आज्याची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवत होतो. निजामी अमदानीत आमच्या तांड्याची पोलिसात गुन्हेगार म्हणून नोंद होती. चोरी करो न करो, तांड्यावरच्या प्रत्येक गड्यानं रोज चौकीवर जायचं, नाव आणि बापाचं नाव सांगायचं आणि जवान ‘जा’ म्हणेपर्यंत उभं राहायचं. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. माझी आजी बाळंतपणाला वसमतकडे माहेरी गेली होती. मुलगा झाल्याचा सांगावा आला आणि आजोबा परवानगी न काढताच लेकराचं तोंड बघायला गेले. परतताना एका जवानानं त्यांना वाटेत धरलं. सहा महिने आत होते. ते लेकरू म्हणजे माझे वडील. धरणारा जवान कोण, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही. भानुदास ही गोष्ट दर वेळी खाली मान घालून ऐकायचा. पोलीस असल्याची लाज वाटत असेल, असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीचा, अंजलीचा, नांदेडला डॉक्टरकीला नंबर लागला. जात पडताळणीसाठी फार जुना पुरावा हवा होता. माझी नोकरी साध्या दाखल्यावर लागून गेली होती. वडील शाळेतच गेले नव्हते आणि माझ्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात तेव्हाच्या मास्तरांनी नुसतं ‘हिंदू’ लिहून ठेवलं होतं. हाताशी एक महिना होता. तहसील, शाळा, जुनी दप्तरं… सगळीकडून हात हलवत परत आलो. पोरगी जेवायची बंद झाली. मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा मी टपरीवर भानुदासपुढे रडलो. त्यानं चहाचे पैसे दिले आणि उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर यायचाच बंद झाला.

पाचव्या दिवशी तो आमच्या अंगणात उभा राहिला. हातात ते खाकी फडकं. बायकोनं खाट टाकली तरी बसला नाही.

“गुरुजी, ह्यो कागद लेकराच्या कामाचा हाय,” तो म्हणाला. “माझ्या आज्याला साफा भेटला, तो तुमच्या आज्याला धरलं म्हणून.”

शिक्क्याचा उर्दू कागद होता, खाली त्याच्या अक्षरात मराठी. काशीराम वल्द भोजा, म्हणजे माझे आजोबा, कौम लंबाडा, म्हणजे आमची जात, आमच्या तांड्याचं नाव, गैरहजर असताना पकडला, सबब जवानास साफा बक्षीस. हजेरी चुकवणाऱ्याला धरलं की बक्षीस द्यायचं, असा नियमच होता. मी विचारलं, “तुला कधीपासून म्हाईत हाय?”

“बावीस वर्सं झाली. रोज सांगीन म्हणून येत होतो. तुमी चहा सांगायचे, राहून जायचं.”

तो कागद चालेल की नाही, या धास्तीत पुढचे दिवस गेले. चालला. ज्या कागदानं आजोबांना चोर ठरवलं, त्याच कागदानं त्यांच्या खापरपणतीला डॉक्टरकीच्या वर्गात बसवलं. मी आनंद करायचा की संताप, हेच मला कळेना. भानुदासशी मी बोलणं टाकलं, आणि ते बरेच महिने टाकलं.

मग एका सोमवारी सकाळी आठला तो कुंपणाबाहेर येऊन ताठ उभा राहिला. “भानुदास वल्द मारोती, हाजिर.” मला वाटलं थट्टा करतोय. पण मी ‘जा’ म्हणेपर्यंत तो हलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. लपवून काय करू, पहिले काही दिवस मी त्याला मुद्दाम उभं ठेवलं. बरं वाटत होतं. शेवटी बायको कडाडली, “लेकराचं भलं करणाऱ्या माणसाला उन्हात उभं करून राहिले तुमी, काहून?” त्यानंतर मी लगेच ‘जा’ म्हणू लागलो, पुढे आत बोलावू लागलो. हजेरी झाली की तो आत येऊन चहा प्यायचा, आणि आमचं पूर्वीसारखं बोलणं सुरू झालं. पण हजेरी काही सुटली नाही. ताप असला तरी यायचा. त्या शेवटच्या दिवशी त्याला धाप लागली होती, घामानं सदरा भिजला होता. मी रागावून म्हणालो, बस झालं आता, उद्यापासून येऊ नकोस.

“मुदत व्हायची हाय अजून, गुरुजी,” तो म्हणाला. कसली मुदत, ते सांगितलं नाही.

तेराव्यानंतर सुनीलनं ती जाड वही माझ्या हातात दिली. बक्षिसांची पानं फाटलेली नव्हती. त्यांच्यापुढेच नोंद झालेल्या माणसाचा नियम होता. एक वर्ष एकही खाडा न करता हजेरी दिली, तर त्याचं नाव वहीतून खोडावं. खाली भानुदासनं स्वतःचं नाव लिहून वर्षभराचे रकाने आखले होते. रोजची खूण केलेली. शेवटचे एकोणीस रकाने रिकामे.

दुसऱ्या दिवशी आठला मी त्याच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिलो. नाडी बांधायची राहिलेला तो दुसरा बूट अजून तिथंच होता. त्याचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं, हाजिर म्हटलं. सुनील नुसता बघत राहिला. तिसऱ्या दिवसापासून तो आतून ‘जा’ म्हणू लागला. रोज घरी येऊन मी एक रकाना भरत गेलो. मधल्या दिवसांचा खाडा मी धरला नाही.

आज एकोणिसावा भरला. नियमाप्रमाणे आता नाव खोडायचं. सकाळपासून पेन हातात धरून बसलोय… हात काही चालत नाही. उद्या आठ वाजता मी कुठं जाऊ?